थोडंसं सगळ्यांतच

बाईंना सरळ प्रश्न विचारू नये, हे आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. विचारलात की तुमचीच पंचाईत. "बाई, पुण्याची गाडी वेळेवर येईल का हो?" म्हटलं की त्या चष्मा कपाळावर सरकवणार, जणू गाडी तिथूनच येणार आहे अशा नजरेने खिडकीबाहेर बघणार आणि म्हणणार, "थोडी शक्यता आहे." चहा घेणार का? थोडा. ताप उतरला का? थोडा. आमच्या कारकुनाने एकदा मोठ्या हौसेने सांगून आलेल्या मुलीचा फोटो दाखवला आणि विचारलं, "बाई, मुलगी चांगली वाटते ना?" बाईंनी फोटो उजेडात धरून पाहिला, मागची बाजूही पाहिली आणि म्हणाल्या, "थोडं सांगता येईल. पण फोटोवरून फारच थोडं." त्या दिवशी बिचाऱ्याने डबा उघडला नाही.

मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली. मोबाईलला बटणं असायची त्या काळातली ही गोष्ट. जुन्या पनवेलात एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन-तीन खोल्या, एक फ्रीज, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र आणि बाहेर उभी एक पांढरी जीप. बाई प्रमुख, मी रक्त काढणारा. जीपही मीच चालवायचो, कारण ड्रायव्हरची जागा मंजूर होती, पण ड्रायव्हर काही येईना. जीपच्या एका अंगाला लाल, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कर्करोग संशोधन प्रकल्प'. लांबून वाचता यावं म्हणून बाईंनी स्वतः पेंटरच्या डोक्यावर उभं राहून ती अक्षरं मोठी करून घेतली होती. ती लांबून वाचता येत होती, आणि त्यानेच पुढे सगळा घोळ झाला.

संशोधन कशाचं, ते सांगतो. माणसामाणसाच्या जनुकांत बारीकसारीक फरक असतात. एखादं अक्षर इकडचं तिकडे. हे फरक काही दुर्मीळ नाहीत, सर्रास सापडतात. तुमच्यात असतील, शेजाऱ्यात असतील, तुमच्या सासूत तर असतीलच. प्रश्न असा, की या सर्रास फरकांमुळे एखाद्याला कॅन्सर होण्याचा धोका वाढतो का? आम्ही तोंडाच्या कॅन्सरपुरतं बघत होतो. मी नवा होतो तेव्हा बाईंना हे विचारून बसलो. उत्तर अर्थातच आलं, "थोडा." मग त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "अरे, एक चिमूट मीठ जास्त पडलं तर कालवण खारट होतं का? नाही होत. पण अशा पुष्कळ चिमट्या एकाच पातेल्यात पडल्या तर जिभेला कळतं. हे फरक म्हणजे चिमट्या. प्रत्येकाच्या पातेल्यात थोड्या पडलेल्याच असतात."

"आणि तंबाखू?"

"तो मिठाचा अख्खा डबा उपडा करणं झालं," बाई म्हणाल्या. तंबाखूच्या बाबतीत त्यांना 'थोडं' हा शब्द सुचत नसे.

बाई बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हे आपले मराठी यहुदी, आडनावाच्या शेवटी 'कर' लावणारे. बाईंचे बहुतेक नातेवाईक केव्हाच इस्राएलला गेले होते. दर आठवड्याला बहिणीचा फोन यायचा, "अगं, आता तरी ये, तिकडे एकटी काय करतेस?" आणि बाई म्हणायच्या, "बघते थोडं." शनिवारी त्या कामाला हात लावत नसत. त्याची भरपाई रविवारी करत आणि आमच्याकडूनही करून घेत. माझ्या बायकोने या रविवारांवरून बाईंना मनातल्या मनात जे काही म्हटलं असेल, ते इथे सांगण्यासारखं नाही. बाईंच्या घराच्या चौकटीला धर्मवचनं आत ठेवलेलं एक छोटं नळकांडं ठोकलेलं होतं. आत शिरताना बाई त्याला बोटं लावायच्या आणि बोटं ओठांना. जनुकांचा विषय त्यांनी का घेतला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आमचे पूर्वज इथल्या किनाऱ्याला बोट फुटून लागले म्हणतात. मूठभर माणसं. त्यांचेच आम्ही सगळे. आमच्यात कोण कुणाचा चुलत नाही, ते शोधावं लागतं. लहानपणापासून हेच ऐकत आले, मग दुसरं काय करणार?"

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे लोकांना तोंड उघडायला लावणं. पर्समध्ये पेनाएवढा टॉर्च कायम असायचा. रिक्षात बसल्या की आधी "आ करा", मग कुठे जायचं ते. स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना ओळखून होते. बाई येताना दिसल्या की गुटख्याच्या पुड्या खिशात जायच्या आणि एखादा लांबूनच आ करून उभा राहायचा. माझ्या लग्नात तर कहर झाला. आमचे भटजी मंगलाष्टकं म्हणताना मधूनच गालात काहीतरी सरकवत होते. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि बघतो तर बाईंनी भटजींना मांडवाच्या कोपऱ्यात नेऊन टॉर्च मारलेला. आमचे सासरे घाबरून मला विचारायला आले, "ह्या बाई दाताच्या डॉक्टर का?" मी म्हटलं, "थोड्याशा."

गव्हाणच्या मासळीवाल्या मावशी दर शुक्रवारी सकाळी टोपली घेऊन बाईंच्या दारात यायच्या. बाई फक्त खवले असलेला मासा घेत. कोळंबी, चिंबोरी म्हणजे खेकडा, हे त्यांच्या धर्माला चालत नाही. मावशींना हे पक्कं ठाऊक. तरी त्या टोपली उतरवताना हमखास म्हणणार, "बाय, आज चिंबोरी भरलेली हाय बघा. घेताय?"

"खवले आहेत का तिला?"

"नाय."

"मग नको."

मग मावशी गालातल्या गालात हसत खालून रावस किंवा बोय काढायच्या. एवढ्या एका बाबतीत बाईंचं 'नाही' स्वच्छ असे, आणि ते ऐकायला मिळावं म्हणूनच मावशी चिंबोरी आणत असाव्यात, असा मला संशय आहे. दोघींचं चांगलं जमायचं. आपली मुलगी पनवेलात औषधाच्या दुकानात कामाला लागली, तिचं आपटा गावच्या एका मुलाशी जमलं, साखरपुडा ठरतोय, हे सगळं मावशींनी भावकीच्या आधी बाईंना सांगितलं होतं.

आता आमच्या कामातली एक अडचण सांगायला हवी. आम्हाला दोन तऱ्हेच्या माणसांचं रक्त लागायचं. एक, ज्यांना कॅन्सर झालाय. दोन, त्यांच्याच वयाची, त्यांच्याच भागातली, पण धडधाकट माणसं. दोघांची जनुकं शेजारी ठेवून बघायची, फरक कुठे आहे. आजारी माणूस रक्त द्यायला तयार असतो, त्याला आशा असते. धडधाकट माणूस मिळवताना मात्र जीव जायचा. "मला काय झालंय? माझं रक्त कशाला?" म्हणून तो दार लावून घ्यायचा. बाई त्या दिवसांत अगदी हवालदिल झाल्या होत्या, आणि नेमकं तेव्हाच मावशी म्हणाल्या, "आमच्या गावात या की. मी देतंय रक्त. माजं बघून बाकीच्या देतील."

आणि दिलं त्यांनी. पहिलं स्वतःचं, हसत हसत, "बघा, किती लाल हाय!" म्हणत. मग शेजारणींना ओढून आणलं. आठवडाभर आम्ही मावशींच्या ओटीवरच दुकान मांडून बसलो. गावातल्या गल्ल्या अरुंद, जीप वळवायला जागा म्हणजे मावशींचं अंगण. तेव्हा जीप तिथेच, दारात, लाल अक्षरं रस्त्याकडे करून उभी. बाई बेहद्द खूश होत्या. परतताना जीपमध्ये चक्क गुणगुणायच्या.

निरोगी आहेत म्हणून ज्यांना निवडलं, त्यांच्याच दारात आम्ही कर्करोग लिहिलेली गाडी आठवडाभर उभी केली, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही. आम्ही लोकांकडे नळीतून बघणारे. आमच्या लेखी मावशी म्हणजे 'निरोगी गट'. गावाच्या लेखी त्यांच्या दारात गाडी आली होती.

पुढच्या शुक्रवारी मावशी आल्या त्या टोपलीशिवाय. मुलगी बरोबर होती. बाईंच्या घरी न जाता दोघी थेट ऑफिसात आल्या आणि बाकावर बसल्या. मावशींचा चेहरा पार उतरलेला.

"आपट्यावरनं निरोप आला, बाय. म्हनतात, जरा थांबू."

आपट्याचे कुणी पाहुणे गव्हाणला आले होते. त्यांनी दारातली गाडी पाहिली, अक्षरं वाचली, शेजारी विचारलं. कुणीतरी भर घातली, की मावशींची आईसुद्धा घशाच्या दुखण्यानेच गेली होती. झालं. त्या घराच्या रक्तातच आहे, पोरगी आणली की आपल्या वंशात येणार, अशी बोंब आपट्यापर्यंत पोचली. मुलाचं मन हिच्यावर होतं, पण आईपुढे बोलायची त्याची टाप नव्हती.

"पन मला कायबी झालेलं नाय ना?" मावशी म्हणाल्या.

"तुला काही झालेलं नाही, म्हणून तर तुझं रक्त घेतलं," बाई म्हणाल्या.

"मग माझ्या रक्तात दोष आहे का?" हे मुलीने विचारलं. शिकलेली, पनवेलात वावरलेली मुलगी, आमच्यासारखंच बोलायची. "मला होणार का कॅन्सर?"

मी मनात म्हटलं, बाई, आज तरी. आज तरी नाही म्हणा.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "थोडा धोका असतो," त्या म्हणाल्या. "पण तो मलाही आहे. ह्यालाही आहे. सगळ्यांनाच—"

"मग गाडी सगळ्यांच्या दारात का नाही लावलीत?" मुलगी म्हणाली. "आमच्याच का लावली?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. बाई टेबलावरच्या रिकाम्या नळ्या एका रांगेत लावत बसल्या. मग म्हणाल्या, "मी जाते आपट्याला. मी सांगते त्यांना."

रविवारी आम्ही निघालो. मावशी मागे, बाई पुढे, मी स्टिअरिंगवर. पळस्प्याच्या नाक्यावर गोव्याकडे वळताना मी म्हटलं, "बाई, एक विनंती आहे. तिथे ते विचारतील, हिला होईल का. तुम्ही फक्त नाही म्हणा. एक शब्द. देव काही शिक्षा करणार नाही."

"मला ते माहीत नाही तर कसं म्हणू?"

"तुम्हाला आपट्याचं लग्न जुळवायचंय की प्रबंध लिहायचाय?" मी चिडून म्हटलं. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. जीप मात्र मी गावाबाहेर, पाताळगंगेच्या काठाला उभी केली आणि तिथून आम्ही चालत गेलो. एवढी अक्कल तोवर मला आली होती.

मुलाच्या घरी पाहुणचार व्यवस्थित झाला. चहा आला, चिवडा आला. मुलाचे वडील खुर्चीत, आई दाराच्या चौकटीला टेकून उभी, मुलगा मागे कुठेतरी. बाईंनी सुरुवात झकास केली. आम्ही ही गाडी कशासाठी नेतो, मावशी ठणठणीत म्हणूनच त्यांचं रक्त घेतलं, त्यांच्या आईचं दुखणं तंबाखूचं होतं, वगैरे सगळं साध्या भाषेत सांगितलं. वडील मान डोलवत होते. मावशींच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी चिवड्याला हात लावला.

मग वडील म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमचा शब्द आमी मानतो. एवडंच लिवून द्या, का हिच्या पोरीला ते नाय होनार. इषय संपला."

मी टेबलाखालून बाईंच्या पायाला पाय लावला. काही उपयोग झाला नाही.

"असं मला कुणाबद्दलच लिहून देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलाबद्दलसुद्धा नाही. असे थोडे थोडे फरक सगळ्यांच्याच रक्तात—"

"म्हंजे हाय तिच्यात!" आई चौकटीवरून म्हणाली. "मी सांगत व्हते ना? ह्या सोताच्या तोंडानं सांगतायत!"

मावशींनी डोक्याला हात लावला. आणि बाई? बाई त्या आईकडे टक लावून बघत होत्या. तिच्या बोलण्याकडे नव्हे, तोंडाकडे. ती मिश्री लावणारी होती. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी-दुपारी दातांना घासत बसतात. मला पुढचं सगळं दिसलं, पण थांबवायला वेळच मिळाला नाही. बाई उठल्या, पर्समधून टॉर्च काढला आणि तिच्यापुढे जाऊन म्हणाल्या, "ताई, आ करा."

आश्चर्याने असेल, पण तिने केला.

बाईंनी गाल बोटाने बाजूला सारून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "इथे पांढरा चट्टा आहे," त्या म्हणाल्या. "हा आजकालचा नाही. झोंबतं ना तिखट खाल्लं की? उद्याच्या उद्या पनवेलला या. तपासायला हवं. मिश्री आजपासून बंद."

मग वडील उठून उभे राहिले. "आमच्या घरात बसून, आमचा चाय पिऊन, आमच्यावरच घालताय? आमच्या घरात कुनाला कायबी नाय! चला, निघा!" आम्ही निघालो. जीपमध्ये बसल्यावर मावशींना रडू फुटलं. "बाय, तुमी माजी पोरगी घरात बसवलीत," एवढंच त्या म्हणाल्या. मला बाईंचा असा राग आला होता, की पनवेल येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाई मला म्हणाल्या, "गव्हाणला चल." मी म्हटलं, "आता तिथे काय उरलंय?" तर म्हणाल्या, "ती मुलगी बरोबर बोलली. गाडी सगळ्यांच्या दारात लावायला हवी."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. बाईंना बोलायची पद्धत नव्हती. जे म्हणत ते करत. आम्ही खरोखर गावाच्या एका टोकापासून सुरुवात केली. आधी सरपंचाचं दार. जीप उभी करायची, अक्षरं रस्त्याकडे, बाई उतरणार, घरातल्या सगळ्यांची तोंडं बघणार, जीप पुढच्या दारात. मग दुकानदार. मग भजनीबुवा. गल्ली अरुंद असली की मी घामाघूम होऊन इंच इंच गाडी आत घ्यायचो आणि बाया खिडकीतून सूचना करायच्या, "आनखी डावीकडं घ्या, भिंतीला लागंल!" सरपंच आधी रागावले. "माझ्या दारात कशाला? लोक काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "तेच म्हणतील जे मावशींना म्हणाले. तुम्ही तेव्हा त्यांना काही बोलला होता का?" सरपंचांनी आ केला.

रविवारमागून रविवार हे चाललं. सुरुवातीला लोक दारं लावून घेत. नंतर नंतर आमची गाडी एखाद्या घरी पोचायला उशीर झाला, तर तिथली म्हातारी ओरडायची, "आमचं घर काय वाळीत टाकलंय काय?" गाडीचं आता भय उरलं नव्हतं. पोस्टमन येतो तशी ती येत होती. मावशी मात्र ओटीवर बसून हे सगळं नुसतं बघायच्या. बाईंशी बोलत नसत. शुक्रवारी त्या मासळी आणायच्या, पण टोपलीत चिंबोरी नसायची.

आपट्याची ती आई एक दिवस आमच्या ऑफिसात आली. मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, तोंडाला पदर लावून. कुणाला कळू नये म्हणून नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं. बाईंना बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला रात रात झोप नाय," ती म्हणाली. "बगा एकदा नीट."

बाईंनी तिला इस्पितळात नेलं, चट्ट्याचा तुकडा तपासायला दिला, आणि निकाल येईपर्यंत रोज फोन करून तिच्याशी काहीबाही बोलत राहिल्या. भाव काय, भात कसा, नदीला पाणी किती. निकाल आला. कॅन्सर नव्हता. पण चट्टा त्या वाटेवर होता. ती वेळेत आली होती.

"बरी व्हईन का मी?" तिने विचारलं.

"मिश्री सोडलीत तर बरीच शक्यता आहे."

"थोडी नाय?"

"नाही. बरीच."

बाईंच्या तोंडून 'बरीच' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगतो, मला भरून आलं. ती मात्र खाली मान घालून बसली होती. मग म्हणाली, "मी त्या पोरीच्या रक्ताला नावं ठेवली, आनि ते निगालं माज्या तोंडात. आता कुठल्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ?" मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मी जातो." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलंच वाक्य.

तो गेला आणि त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. ही बातमी मावशींनीच बाईंना शुक्रवारी दारात येऊन दिली, टोपली न उतरवता. "आता त्यांच्या घरात हाय म्हनल्यावर मी नाय म्हनू शकते का नाय? मला थांबा म्हनले व्हते ते!" त्यांचे डोळे लकाकत होते. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं होतं. "पन आमची पोरगी काय म्हनते ठावं हाय? म्हनते, आई, मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय?"

बाईंनी टोपली उतरवायला हात पुढे केला.

मावशींनी टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चिंबोरी हाय आज. घेताय?"

आमच्या संशोधनाचा निष्कर्ष पुढे कधीतरी निघाला. त्या सर्रास सापडणाऱ्या फरकांचा कॅन्सरच्या धोक्यावर परिणाम होतो, एकेकाचा अगदी थोडा, आणि तंबाखूपुढे तो झाकून जातो. पानंच्या पानं इंग्रजी, तक्ते, आलेख. मी ते वाचून म्हटलं, "बाई, हे तर तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं." म्हणाल्या, "तेव्हा मला वाटत होतं. आता माहीत आहे. थोडा फरक आहे."

लग्न आपट्याला, मुलाच्या अंगणात लागलं. आमंत्रण दोन्ही घरांकडून होतं. मी जीप शहाण्यासारखी लांब, नदीकाठी लावली, अक्षरं झाडीकडे करून. शुभकार्यात उगाच कशाला? मांडवात धवलारीण लग्नाची गाणी गात होती, बँडवाले घाम पुसत होते. मावशी पैठणी नेसून, नथ घालून, ओळखू येत नव्हत्या. बाईंचा हात धरून म्हणाल्या, "बाय, पोरगी सुखात ऱ्हाईल ना?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," मावशी घाईघाईने म्हणाल्या आणि हसत सुटल्या. "ठावं हाय मला काय म्हननार ते!"

आम्ही जेवायला बसलो, तेवढ्यात मुलाची आई पंगतीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. आता तिचे दात स्वच्छ होते.

"गाडी कुठं हाय?"

"लांब लावलीय, नदीकडे. इथे नको म्हटलं..."

"लांब कशाला? आना इकडं. दारात लावा."

मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी ताटाकडे. नवऱ्या मुलाचे वडील काहीतरी बोलायला उठले आणि बायकोकडे बघून पुन्हा बसले. मी हात धुतले आणि गाडी आणली. बँडवाल्यांना सरकावं लागलं, दोन खुर्च्या उचलाव्या लागल्या, पण मुलाची आई स्वतः पुढे होऊन हात करत राहिली, "येऊ द्या, येऊ द्या, आनखी." तोरणाखाली, घराच्या ऐन दारात, लाल अक्षरं सगळ्या वऱ्हाडाकडे करून मी जीप उभी केली. पंगत जागच्या जागी थांबली. नवरी मुलगी पाटावरून मान वर करून बघत होती, आणि मुंडावळ्यांच्या आड ती हसली, हे मी नक्की पाहिलं.

फेटा बांधलेले एक धिप्पाड पाहुणे तिथेच उभे होते. गालात तोबरा. जीपकडे आणि यजमानीणबाईंकडे आळीपाळीने बघून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "का वो वैनी, कुनाला झालंय?"

"मला व्हतं थोडं," ती मोठ्यांदा म्हणाली, मांडवभर ऐकू जाईल अशी. "तुमालाबी असंल थोडं. आ करा."

पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तोबरा थुंकला आणि आ केला. बाईंनी ताट बाजूला सारलं आणि पर्समधून टॉर्च काढला.